गंजाची रेघ

प्रिय आई,

तीन आठवड्यांपूर्वी मी चार दिवस राहायला म्हणून घरी आले आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी पिशवी उचलून निघाले, त्यावरून तू दोनदा फोन केलास. पहिल्यांदा विचारलंस, माझं काही बोलणं लागलं का. दुसऱ्यांदा काहीच विचारलं नाहीस, नुसतं जेवलीस का म्हणालीस, आणि मला तेच जास्त लागलं. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. तू फोन खांद्यात धरून मशीन चालवतेस, आणि मी नेमकं महत्त्वाचं वाक्य बोलायला जावं तर तुझी टीप सुरू होते. म्हणून पत्र लिहितेय. सावकाश वाच. दुकानात नको, आतल्या खोलीत वाच, आणि लगेच दादाच्या हातात देऊ नकोस. तो मोठ्यानं वाचेल आणि माझा आवाज काढून दाखवेल.

आज बुधवार, फेरी नाही. मी लपणात बसून लिहितेय. लपण म्हणजे तळ्याकाठची लाकडी खोली, भिंतीला डोळ्यांच्या उंचीवर आडव्या फटी आणि मागे लांब बाक. माणसं आत गप्प बसली की पक्ष्यांना वाटतं, इथे कुणी नाही. समोर दीडेकशे बदकं झोपली आहेत. त्यांच्या मध्येच एक पांढरा बगळा उभा आहे, रांगेत कुणी पुढे घुसतंय का यावर नजर ठेवणाऱ्या माणसासारखा. थंडी आहे, पण तू उसवून पुन्हा शिवलेला कोट अंगावर आहे. बाबांचा जुना कोट माझ्या मापाचा झाला यावर इथे कुणाचा विश्वास बसत नाही. आमच्या अधिकारी मॅडमनी तर खांद्याची शिलाई बोटानं चाचपून पाहिली आणि विचारलं, शिंपी कोण. मी म्हटलं, घरचाच आहे.

माझं काम तुला मी नीट कधी सांगितलंच नाही, असं परवा लक्षात आलं. तू लोकांना सांगतेस, मुलगी पक्षी दाखवते. खरं तर पक्षी स्वतःच दिसतात, मी माणसांना थांबायला लावते. शनिवार-रविवारी पावणेसातला अभयारण्याच्या फाटकापाशी फेरीसाठी वीसेक माणसं जमतात. सहा दुर्बिणी आणि तीन पायांच्या तिकाटण्यावरची एक मोठी दुर्बीण, एवढंच सामान. पहिली दहा मिनिटं सगळे आपापलं आयुष्य घेऊन चालत असतात. कुणी फोनवर कुणाला तरी गॅसचा नंबर देतं. कुणी डॉक्टरनं चालायला सांगितलंय म्हणून आलेलं असतं आणि मी थांबले की जागच्या जागी पाय हलवत राहतं. एकदा एक नवरा-बायको लपणात बसून पाऊण तास कुजबुजत भांडले आणि बाहेर पडताना बायको मला म्हणाली, फार शांत वाटलं हो इथे. पण तळ्याच्या वळणावर पहिला खंड्या पाण्यात सूर मारतो आणि वीसच्या वीस माणसं एकदम श्वास धरतात. तो क्षण मी दर वेळी मोजते. शरदात नवी पाखरं उतरायला लागली तेव्हापासून एकतीस फेऱ्या झाल्या, एकतीसही वेळा तो आला. आई, कॉलेजात पदवीचा कागद हातात घेतानासुद्धा मला एवढी ऐट वाटली नव्हती.

फेरी संपली की नोंद करायची. ऑफिसात एक जाड नोंदवही आहे, आणि तिच्याआधीच्या अकरा कपाटात आहेत. त्या दिवशी कोणते पक्षी दिसले, किती, कुठे, ते शाईनं लिहायचं. यादीत आधी कधीच नसलेला पक्षी असेल, तर त्याचं पूर्ण वर्णन लिहायचं आणि दोघांनी सही करायची: ज्यानं पाहिला त्यानं, आणि जो शेजारी होता त्यानं. मी पहिल्या आठवड्यात त्या साऱ्या वह्या वाचून काढल्या. चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून ठेवलंय, आज फक्त एक टिबुकली, धुकं फार, माझे बूट गळतात. त्या माणसाचं नावसुद्धा मला लागत नाही, पण त्या दिवशी एकच टिबुकली होती यावर माझा पक्का विश्वास आहे. कारण पक्षी काही ऑफिसात येऊन सांगणार नाही, माझ्याबद्दल चुकीचं लिहिलंय म्हणून. जे लिहिलं तेच उरतं.

माझ्या शेजारी बहुतेक वेळा दुर्बीणकाका असतात. निवृत्त पोस्टमास्तर, वीस वर्षं एकही रविवार चुकवलेला नाही. गळ्यात दुर्बीण, खिशात आल्याच्या वड्या, आणि कुणी जोरात बोललं की ते काही न म्हणता त्याच्या हातात एक वडी ठेवतात. तोंड बंद करायचा इतका सभ्य उपाय मी दुसरीकडे पाहिला नाही. मला ते मास्तरीणबाई म्हणतात. सुरुवातीला वाटलं चेष्टा करतात, पण मी काही सांगायला लागले की ते टोपी काढून ऐकतात. घरातल्या पहिल्या शिकलेल्या मुलीला हे काय वाटतं, ते तुला निराळं सांगायला नको.

आता डिसेंबरची ती सकाळ. तुला ती पाठ आहे, कारण तू ती दुकानात प्रत्येकाला सांगितलीस. पण तू सांगतेस ती वर्तमानपत्रातली, मी सांगते ती घडलेली. तळ्याच्या पलीकडच्या काठाला, चिखलाच्या पट्ट्यावर, एक छोटा पक्षी एका पायावर उभा होता, मान पंखात खुपसून झोपलेला. अंगानं आपल्याकडे दर हिवाळ्यात येणाऱ्या तुतवारासारखा. पण तुतवाराचं पोट पांढरं शुभ्र असतं आणि याचं विटेसारखं तांबूस होतं. पुस्तकात असा एक पाहुणा आहे, तांबड्या पोटाचा, जो आमच्या बारा वह्यांत एकदाही आलेला नाही. काकांनी मोठ्या दुर्बिणीला डोळा लावला, बराच वेळ लावला, आणि एवढंच विचारलं, शेपूट हलवतोय का गं? तुतवार असला तर शेपूट सारखी वर-खाली करत राहतो. मी म्हटलं, नाही हलवत. झोपलेला पक्षी शेपूट कशाला हलवेल, हे मला तेव्हा सुचलं नाही. किंवा सुचू दिलं नाही.

ऑफिसात मी दीड पान वर्णन लिहिलं. त्यात एक वाक्य होतं, आणि ते मला फार आवडलं होतं: तांबूस रंग पोटावर एका सरळ, सुबक रेषेत थांबतो. काकांनी खाली सही केली.

पुढचं तुला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तिथेच झोपलेला दिसला, फेरीतल्या एकानं लांबून धूसर फोटो काढला, वर्तमानपत्रवाले आले, आणि माझा दुर्बिणीपाशी उभी असतानाचा फोटो त्या पक्ष्याच्या फोटोशेजारी छापून आला. तू ते कात्रण करवती कात्रीनं कापलंस, म्हणजे कडा उसवणार नाहीत, जणू ते कापडच आहे. आणि लावलंस कुठे, तर आरशाच्या चौकटीला, जिथे माप द्यायला माणूस हात पसरून उभा राहतो आणि त्याला दुसरीकडे बघताच येत नाही. दादा म्हणाला, आई माप छातीचं घेते आणि कौतुक मुलीचं करून घेते. त्याला गॅरेजमध्ये सगळे पक्षीबंधू म्हणायला लागले. बाबांच्या डब्याच्या पिशवीत घडी घातलेला दुसरा अंक मी पाहिला. इकडे रविवारच्या फेऱ्यांना जागा पुरेनात. तो पक्षी त्यानंतर दिसला नाही, तरी माणसं लांबून लांबून यायची आणि मी दर फेरीला त्या चिखलाकडे बोट दाखवून सांगायची, इथे, इथे होता.

मग मी घरी आले. सोबत धुवायचे कपडे आणले, ते आणायला नको होते असं त्या दिवशी वाटलं आणि आज वाटतं की बरं झालं आणले. तू माझी ती बिस्किटी पँट खिडकीपाशी उजेडात धरलीस. मी म्हटलं, चिखल आहे, भिजव नुसती. तू म्हणालीस, चिखल नाही, चहाही नाही, गंज आहे हा. कुठल्या लोखंडाच्या पाण्यात उभी होतीस? आणि नखानं दाखवलंस, बघ, दोन्ही पायांना एकाच उंचीवर रेघ. पाणी जिथपर्यंत तिथपर्यंतच डाग, वर एक धागासुद्धा नाही. मग तू लिंबू आणायला आत गेलीस, तेवढ्यात मोजे घेऊन कुणीतरी आलं, मोज्यांना कोण रफू करून घेतं यावर तू हसलीस, आणि मी मापाच्या स्टुलावर बसले होते. समोर आरसा, आरशाच्या चौकटीला माझा फोटो, आणि शेजारी तो धूसर पक्षी. पोटावर सरळ, सुबक रेघ.

मी कुठे उभी होते ते मला ठाऊक होतं. तळ्याच्या कोपऱ्यात पाणी सोडायचं जुनं लोखंडी दार आहे, अर्धं गंजून गेलेलं. तिथे अडकलेलं प्लॅस्टिक काढायला मी घरी येण्याच्या आदल्या मंगळवारी तासभर बुटांशिवायच पाण्यात उतरले होते, कारण ऑफिसातले रबरी बूट दोन माणसांना पुरतील एवढे मोठे आहेत. दाराच्या खाली खोलगट डबकं आहे, त्यातलं पाणी काढा केल्यासारखं दिसतं. तिथून तो चिखलाचा पट्टा वीस पावलांवर. तू लिंबू घेऊन आलीस तेव्हा मी पिशवी भरत होते. तू विचारलंस, एवढ्यात? मी म्हटलं, काम आठवलं. ते खोटं नव्हतं, आई. पण तुझं तोंड मला बसमध्ये सगळा रस्ता दिसत राहिलं.

इथे आल्यावर मी तुझ्या हातचा पांढरा रुमाल एका काठीला बांधून त्या डबक्यात सोडला. दुसऱ्या दिवशी काढला तर पाण्याखाली होता तेवढा विटकरी. तरी मनात म्हटलं, रुमाल म्हणजे पक्षी नाही. रोज उजाडायला जाऊन झुडपामागे बसले. तिसऱ्या दिवशी एक तुतवार आला, अगदी साधा, दर हिवाळ्यातला, पांढऱ्या पोटाचा. डबक्यात उतरला, शेपूट वर-खाली करत फिरला, मग खाली बसून पंख फडफडवून मनसोक्त अंघोळ केली, आणि अंग न झटकता तिथेच बसून राहिला, गरम पाण्यातून उठवत नाही तसा. पुढच्या दोन दिवसांत त्यानं हेच पुन्हा पुन्हा केलं. शेवटी तो चिखलावर जाऊन एका पायावर उभा राहिला, मान पंखात खुपसली, आणि आमच्या बारा वह्यांत कधीच न आलेला पाहुणा झाला. मी झुडपामागे एकटीच हसले. मग हसू थांबलं.

आता हे लिहिताना मला जास्त वेळ लागतोय. मी लगेच सांगितलं नाही. चार दिवस गप्प राहिले. माझी नेमणूक फेब्रुवारीअखेरपर्यंतचीच आहे, हे तुला माहीत आहे. कायमची एकच जागा निघाली आहे, फेऱ्या घ्यायची आणि नोंदी ठेवायची, आणि तिच्यासाठी बारा जणांनी अर्ज केलेत. मॅडमनी स्वतः मला सांगितलं होतं की तुझी ती डिसेंबरची नोंद हेच तुझं सगळ्यात मोठं प्रमाणपत्र. कुणालाही कळणार नव्हतं. गंजाच्या डबक्यात कोण बघणार? पक्षी गेला, फोटो धूसर, काकांची सही झालेली. आणि दुसरं, जे मला जास्त जड वाटत होतं: आपल्या घरात माझा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. औषधाच्या बाटलीवरचं वाचायचं तर मला बोलवा, अर्ज भरायचा तर मला बोलवा. तू गिऱ्हाइकांना सांगतेस, ती शिकलेली आहे, तिला कळतं. मला वाटायचं, त्या आरशावरून ते कात्रण निघालं तर त्याच्याबरोबर तेही निघेल.

चौथ्या दिवशी हा कोट चढवताना मला दुसरा कोट आठवला. मी दहा वर्षांची असेन. तो उंच, खोकणारा घड्याळदुरुस्तीवाला. तू त्याचा कोट लहान करून दिलास, तो घालून आरशात स्वतःवर खूष होऊन गेला. तू मात्र जेवताना गप्प होतीस. दुसऱ्या दिवशी मला घेऊन त्याच्या दारात गेलीस आणि म्हणालीस, कोट काढा. डावी बाही अर्ध्या बोटानं आखूड होती. तो बिचारा म्हणत होता, अहो बाई, मला काही दिसत नाही, चांगला बसलाय, राहू द्या. तू त्याच्याच पायरीवर बसून ब्लेडच्या तुकड्यानं बाही उसवलीस. येणारे-जाणारे बघत होते आणि मी लाजेनं भिंतीकडे तोंड करून उभी होते. परत येताना मी चिडून विचारलं, त्याला दिसत नव्हतं तर तू कशाला दाखवलंस. तू म्हणालीस, त्याला नाही दिसली तरी मला दिसली ना. एवढंच. पुढे चार पावलांवर वाण्याकडून साबण घ्यायचाय म्हणालीस. मी पदवीच्या तीन वर्षांत पुष्कळ मोठमोठ्या व्याख्या पाठ केल्या. शास्त्र म्हणजे काय, यावर मला त्या पायरीवरच्यापेक्षा चांगलं उत्तर मिळालेलं नाही.

रविवारी फेरीला एकोणीस माणसं होती. त्यांत एक म्हाताऱ्या बाई, एक गुडघा धरलेला, सहा तास प्रवास करून फक्त तो तांबड्या पोटाचा पक्षी बघायला आलेल्या. वाटेत सगळ्यांना सांगत होत्या, सून म्हणाली घरी बसा, मी म्हटलं घरी बसून काय भिंतीवरची पाल बघू? लपणात त्यांनी फटीला डोळा लावला आणि अर्धा तास हलल्या नाहीत. मग मला हळूच म्हणाल्या, नाही दिसला तरी चालेल गं, इथे उभा होता ती जागा तरी पाहिली. माझं बोट नेहमीच्या सवयीनं वर गेलंच होतं, इथे, इथे होता म्हणायला. ते मी खाली घेतलं.

मी उभी राहिले आणि सांगितलं. तांबड्या पोटाचा पक्षी इथे कधीच आला नव्हता, मी चुकले होते, हा रुमाल बघा. रुमाल हातोहात फिरला. एकोणीस माणसं गप्प, आणि कुणालाही वडी द्यावी लागली नव्हती. मागून कुणीतरी म्हणालं, म्हणजे पेपरात खोटं आलं? मी म्हटलं, चुकीचं आलं, माझ्यामुळे आलं. आणि त्या बाईंनी काय करावं? म्हणाल्या, ते डबकं कुठंय, मला बघायचंय. हाताला धरून मी त्यांना घेऊन गेले, मागे सगळी वरात. तुतवार महाशय तिथेच होते, शेपूट हलवत, पोट तांबूस. बाईंनी दहा मिनिटं दुर्बीण खाली ठेवली नाही. मग म्हणाल्या, सहा तास बसून गंज बघायला आले होय मी. थोडं थांबून म्हणाल्या, पण गंज शोभतोय हो याला. सगळे हसले. मीही हसले, आणि मग डोळे पुसायला तोच रुमाल हातात आला.

ऑफिसात वही उघडली तेव्हा काका शेजारी येऊन बसले. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. वीस वर्षांत त्यांची एकही नोंद रद्द झालेली नाही आणि माझ्यामुळे आता होणार होती. ते म्हणाले, मास्तरीणबाई, एक सांगू? मला त्या दिवशी नुसता ठिपका दिसला होता. डोळ्यात मोतीबिंदू आलाय. मी तुमच्या डोळ्यावर सही केली, म्हणजे चूक माझी मोठी. आमच्या वहीत खोडायची रीत अशी आहे की रबर नाही, पांढरी शाई नाही. एकच सरळ रेघ ओढायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी कारण लिहायचं, आणि खोडण्यालाही दोन सह्या. तू उसवलेल्या बाहीवर सुईची जुनी भोकं दाखवायचीस ना, तसंच. मी दीड पानावर रेघा ओढल्या, शेजारी लिहिलं: तुतवारच, गंजाच्या पाण्यानं पोट रंगलेला, स्वतः पडताळलं. काकांनी सही केली, वहीवर फुंकर मारली, आणि एक वडी माझ्या हातावर ठेवली. पुढच्या आठवड्यात ते डोळे दाखवायला जाणार आहेत. मी सोबत जाणार आहे.

मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी वही मागवून खोडलेलं पान वाचलं. मग म्हणाल्या, हे मुलाखतीनंतर सांगितलं असतंस तरी चाललं असतं. त्याचा अर्थ काय घ्यायचा ते मला अजून कळलेलं नाही. पण त्यांनी त्याच दिवशी वर्तमानपत्राला कळवलं, आणि येत्या रविवारी चार ओळी येतील, आतल्या पानावर, फोटो नाही.

आणि आता, हे पत्र आजच का. मुलाखत उद्या सकाळी अकराला आहे. मला जागा मिळेल की नाही, खरंच माहीत नाही. इथल्या टपालपेटीतली पत्रं पाचला नेतात, त्याच्या आत मला हे टाकायचंय, कारण उद्यानंतर मी हेच लिहिलं तर जागा मिळाली तर ती फुशारकी वाटेल आणि नाही मिळाली तर सबब वाटेल. आज ते फक्त जे झालं तेवढंच आहे. तुझं त्या दिवशी काही चुकलं नाही, आई. तू खिडकीपाशी पँट धरलीस आणि माझी चूक मला दाखवलीस, आणि तुला पत्ताही नाही. माझ्याकडे पदवी होती, दुर्बीण होती, बारा वह्या होत्या. रेघ तुला दिसली. उद्या मला विचारतील की निरीक्षण करायला कुणाकडून शिकलात, तर मी कॉलेजचं नाव सांगणार नाही. रविवारी पेपर आला की आरशावरचं कात्रण काढू नकोस. त्या चार ओळी करवती कात्रीनं काप आणि त्याच्याखाली टाच, म्हणजे हात पसरून उभा राहिलेला माणूस दोन्ही वाचेल. कुणी विचारलंच, तर सांग, मुलीनं स्वतःच उसवलं. सोबत रुमाल पाठवतेय. तुझा हात लगेच लिंबाकडे जाईल, मला माहीत आहे. हा डाग मात्र काढू नकोस.

तुझ्याच मापाची,
तुझीच,
धाकटी